पंचविशीनंतरच्या तालमीचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शास्त्रीय संगीताच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज मागवल्याची बातमी आपल्या अंकात वाचली आणि लगेच माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, मला सव्वीसावं लागलं." अट पंचविशीपर्यंतची, त्यामुळे पुढे काय बोलावे ते मला सुचेना. त्या फोनमुळेच हे पत्र लिहायला बसले आहे.

अंबाजोगाईत मी ३१ वर्षे गाणे शिकवते. परीक्षेपुरते शिकून जाणारी मुले पुष्कळ असतात, पण चार-पाच वर्षांतून एखादा असा गळा येतो की आपल्याजवळचे त्याला पुरणार नाही, हे शिकवणाऱ्याला स्पष्ट कळते. मग आपणच चिठ्ठी लिहून त्याला पुण्या-मुंबईच्या गुरूंकडे पाठवायचे. त्याच्या पोटापाण्याचे काय, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची युवा कलाकारांची शिष्यवृत्ती आहे. वयाची अट १८ ते २५, महिना ५,००० रुपये, मुदत दोन वर्षे, पैसे सहामाही हप्त्यांनी. देशभरातून ४०० जण निवडायचे, आणि त्यात गाण्याबरोबर वादन, नृत्य, नाटक, चित्रकला, लोककला असे सगळेच आले. राज्य शासनाचीही पं. भीमसेन जोशी यांच्या नावाने शिष्यवृत्ती आहे. अशा मदतीमुळे गाणे टिकलेली मुले मी पाहिली आहेत, त्यामुळे या योजनांबद्दल मला कृतज्ञताच आहे. माझे म्हणणे वयाच्या आणि मुदतीच्या अटीबद्दल आहे.

ख्यालाचे, म्हणजे राग विस्ताराने गाण्याचे, शिक्षण कसे चालते ते पाहा. मुलगा आठ-दहा वर्षांचा असताना पेटीवर अलंकार म्हणू लागतो. चौदा-पंधराला आवाज फुटतो, वर्ष-दोन वर्षे गळा हातात राहत नाही. तो बसतो न बसतो तोच बारावी येते. संगीताची विशारद ही परीक्षा होईपर्यंत वीस उलटतात. मग मोठ्या गुरूंसमोर बसला की ते म्हणतात, "आधी नुसता सा लाव." पहिले वर्ष खर्ज भरण्यात, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज करण्यात, आणि शिकलेले पुसण्यात जाते. विलंबित, म्हणजे संथ, एकतालाचे एक आवर्तन (तालाची एक फेरी) मिनिटभर चालते. ते बंदिशीचा आब राखून, रागाची एकेक जागा उलगडत भरायचे आणि मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, घेऊन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) सहज यायचे, ही गोष्ट दोन वर्षांत येत नाही. यमन राग एकच, पण तो चार-चार वर्षे चालतो. गाणे खऱ्या अर्थाने पिकू लागते ते पंचविशी ते पस्तिशीत, आणि त्या वयासाठी तालमीला मदत नाही.

कुणी म्हणेल, २५ ते ४० वयोगटासाठी मंत्रालयाची महिना १०,००० रुपयांची कनिष्ठ फेलोशिप आहे ना! आहे, पण ती संशोधनासाठी. त्यासाठी विषय मांडावा लागतो, प्रकल्प करून अहवाल द्यावा लागतो. गुरूसमोर बसून तोडी राग शिकणे हा काही प्रकल्प होत नाही. संगीत नाटक अकादमीचा बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार चाळिशीपर्यंत मिळतो, २५,००० रुपयांचा. त्याचा मान मोठा आहे, पण तो तयार झालेल्या कलाकाराला मिळतो. कलाकार तयार होत असतानाचे भाडे कोणी भरायचे?

माझी एक विद्यार्थिनी सहा वर्षे पुण्यात होती. कॉट बेसिसवर चौघींत एक खोली, दोन वेळचा डबा. पहाटेच्या रियाजाला घरमालकीणबाईंची हरकत. पहाटे पाचला तंबोरा कोणाला सहन होणार, त्यांचेही चुकले नाही. मग ही मुलगी शाल गुंडाळून टेकडीवर जायची आणि फोनमधला तानपुरा लावून खर्ज भरायची. एका शिष्यवृत्तीसाठी तिची निवड झाली तेव्हा आम्ही इथे पेढे वाटले. पहिला हप्ता हातात पडायला इतका उशीर झाला की तोवर तिने दोन शिकवण्या धरल्या होत्या. पुढे त्या सहा झाल्या. गणपतीत भावगीतांचे कार्यक्रम, लग्नसराईत संगीत संध्या, आणि गुरूंकडे जायचे ते थकलेला गळा घेऊन. दोन वर्षांनी शिष्यवृत्ती संपली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

त्या दिवाळीत ती घरी आली आणि सकाळी माझ्यासमोर तोडी गायली. तोडीचा गंधार, म्हणजे 'ग' हा स्वर, किती उतरा असतो हे शिकवून सांगता येत नाही, तो कानाला सापडावा लागतो. तिला तो सापडला होता. गंधारावर ती थांबली तेव्हा माझा तंबोऱ्यावरचा हात क्षणभर थबकला. "बाई, हा यायला मला चार वर्षं लागली," ती म्हणाली. दीड वर्षाने तिचे लग्न झाले. आता ती एका शाळेत प्रार्थना बसवते. कामात वाईट काहीच नाही, पण तो गंधार आता ऐकू येत नाही आणि मला ते फार लागते.

पूर्वी हे कसे निभावले? भीमसेनजी अकराव्या वर्षी घरातून निघाले, ग्वाल्हेर-जालंधर फिरून शेवटी कुंदगोळला गुरू सवाई गंधर्वांच्या घरी राहिले. अब्दुल करीम खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले तेव्हा शिष्यांच्या राहण्या-जेवणाची सोय त्यांनी केली. अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात शाहू महाराजांचा आश्रय होता, म्हणून तिथे जयपूर-अत्रौलीसारखे एवढे मोठे घराणे उभे राहिले. त्या काळातही झिजावे लागले, उपास पडले, पण डोक्यावर छप्पर गुरूचे असायचे. आज गुरू स्वतःच दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतात. शिष्याला ते कुठे ठेवणार?

कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत १९७७ पासून जुनी रीत नव्या सोयीने चालू आहे. गुरू आणि शिष्य एकाच आवारात, शिष्याला विद्यावेतन, आणि वर्षानुवर्षे तालीम. गायक राशिद खाँ तिथेच घडले. विदर्भातले गायक पं. उल्हास कशाळकर १९९३ मध्ये तिथे गुरू म्हणून गेले आणि आपली मुले त्यांच्याकडे शिकायला कोलकात्याला जाऊ लागली. महाराष्ट्रात इतके गुरू, इतके रसिक असताना असे एखादे आवार आपल्याला का उभारता येऊ नये?

ते होईल तेव्हा होईल. तोवर निदान वयाची अट ३० पर्यंत न्यावी, मुदत पाच वर्षांची करावी आणि दर वर्षी जाणकारांनी समोर बसवून गाणे ऐकावे. प्रगती नसेल तर बंद करा, माझी हरकत नाही. पैसे दरमहा खात्यात जमा व्हावेत, कारण खोलीचे भाडे सहामाही नसते. मुलींसाठी वयात आणखी थोडी सवलत द्यावी, लग्न आणि बाळंतपण याच वर्षांत येतात. आणि निवड झालेल्याला मिरजेच्या कारागिराकडचा एक चांगला तंबोरा वापरायला द्यावा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या कारागिरांच्या हातालाही काम मिळेल.

सहकारी बँका, साखर कारखाने आणि मोठ्या गणेश मंडळांनाही माझी कळकळीची विनंती आहे. एका नामवंताच्या एका रात्रीच्या कार्यक्रमाला, मांडवासकट जो खर्च येतो, त्यात एका मुलाचे वर्षभराचे भाडे, डबा आणि गुरुदक्षिणा सहज निघते. कार्यक्रम बंद करू नका. दर वर्षी आपल्या तालुक्यातला एक गळा मात्र दत्तक घ्या.

सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला तो मुलगा सध्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला आहे. साडेचारला उठून तासभर खर्ज भरतो, मग डबा घेऊन निघतो. रविवारी गुरूंकडे जातो. त्याला भरता येईल असा एखादा अर्ज कुठे असेल, तर वाचकांनी आपल्या दैनिकामार्फत जरूर कळवावे.

आपली,
एक संगीत शिक्षिका, अंबाजोगाई