कोळ्याला दोष देण्याआधी

महोदय,

नागपुरात कूलर बाहेर निघाले की ताट्यांमागे तळहाताएवढा, चपटा तपकिरी कोळी दिसतो आणि लगेच चप्पल उगारली जाते. कृपया मारू नका! तो जाळे विणत नाही, झुरळे खातो. डबा उपडा घाला, खालून पुठ्ठा सरकवा, बाहेर सोडा.

सावध राहायचे ते सेंटीमीटरभर, फिकट पिवळ्या, काळ्या तोंडाच्या कोळ्यापासून. तो पडद्याच्या घडीत रेशमी पिशवी करून राहतो. दाबला गेला तर चावतो, आग होते, सूज येते. जागा साबणाने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटे लावा.

पावसाळ्यात ‘कोळी अंगावरून गेला’ म्हणतात, ते फोड बऱ्याचदा दिव्यावर येणाऱ्या नारिंगी-काळ्या, मुंगीसारख्या किड्याचे असतात. तो अंगावर चिरडला की त्याच्यातील विषारी रसाने दुसऱ्या दिवशी कातडी भाजल्यासारखी होते. फुंकरीने उडवा.

– एक कोळी-अभ्यासक, नागपूर