पनीर बॅगेत नको, तिथल्या दुधातून करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चवथ जवळ आली की गोव्यातल्या घराघरांतून लिस्बन, लंडन, स्विंडनला निघणाऱ्या माणसाकडे डबे दिले जातात. त्यात पुष्कळदा खवा, चक्का, पनीर, घरचं तूप असतं. मुलांना तिथे आपल्या चवीचं काही मिळत नाही, ही त्यामागची कळकळ. या पत्रातून आम्हाला पालकांना आणि मुलांनाही एवढंच सांगायचं आहे की हे डबे पाठवू नयेत. युरोपीय संघातल्या देशांत आणि ब्रिटनमध्ये भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. सामान कितीही थोडं असो, घट्ट बांधलेलं असो, गोठवलेलं असो, सापडलं की काढून घेतात आणि नष्ट करतात. कारण आहे गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग. तो आपल्याकडे आहे, त्यांच्याकडे तो येऊ नये म्हणून ही बंदी. खव्याच्या पेढे-बर्फीवरही तपासनीस बोट ठेवू शकतो. आपल्या हवेत आठ-दहा तास फिरलेला खवा तसाही खाण्यासारखा राहिलेला नसतो.

त्यापेक्षा कोणतं दूध घ्यायचं आणि तिथलं कोणतं चीज आपल्या कोणत्या पदार्थाला चालतं, हे मुलांना कळवलं तर वर्षभराची सोय होते.

पनीरची तक्रार सगळ्यात जास्त येते आणि दहातल्या नऊ वेळा चूक दुधाच्या निवडीत असते. पोर्तुगालात दुकानाच्या उघड्या फळीवर जे खोक्यातलं दूध रचलेलं असतं ते अतिउच्च तापमानाला, म्हणजे साधारण 135 ते 140 अंशांपर्यंत, काही सेकंद तापवलेलं असतं. म्हणून ते महिनोन्‌महिने टिकतं. पण एवढ्या तापात दुधातली प्रथिनं बदलतात आणि मग लिंबू पिळल्यावर गाठी बारीक, भुसभुशीत येतात. कितीही वजन ठेवा, वडी कापताना चुरा होतो. असं झालं तर ते फेकू नये. भुर्जीला किंवा पराठ्याच्या सारणाला ते उत्तम. वडीसाठी मात्र फ्रिजच्या कपाटातलं पाश्चराइज्ड ताजं दूध शोधावं, त्यावर ‘फ्रेश्कु’ किंवा ‘दु दीया’ असं लिहिलेलं असतं. स्निग्धांशासाठी ‘गोर्दु’ बघावं, ते साडेतीन टक्क्यांचं. ‘मैयु-गोर्दु’ निम्म्याहून कमी स्निग्धांशाचं असतं, त्याचं पनीर रबरी होतं. ब्रिटनमध्ये निळ्या झाकणाची बाटली घ्यावी. हिरवं आणि लाल झाकण या कामाचं नाही.

आता कृती. 2 लिटर दूध जाड बुडाच्या भांड्यात, तळाशी लागू न देता, उकळीपर्यंत आणावं आणि गॅस बंद करून चार-पाच मिनिटं थांबावं. उकळत्या दुधात आंबट घातलं की गाठी कडक होतात आणि पनीर दाताखाली चामड्यासारखं लागतं. 4 ग्रॅम सायट्रिक ॲसिड 200 मिली कोमट पाण्यात विरघळवून थोडं थोडं घालावं आणि डाव हळूच, एकाच दिशेने फिरवावा. लिंबाचा रस चालतो, पण लिंबू कधी आंबट कधी फिकं, त्यामुळे अंदाज चुकतो. नजर पाण्यावर ठेवावी. आधी ते दुधट असतं, मग एका क्षणी गाठी एकमेकींना धरतात आणि मधल्या फटींतून हिरवट-पिवळं, आरपार दिसणारं पाणी वर येतं. तिथेच हात थांबवावा, द्रावण उरलं तरी उरू द्यावं. पुढे घातलेला प्रत्येक चमचा पनीर आंबट आणि कडक करतो. पाणी दुधटच राहिलं तर भांडं पुन्हा मंद आचेवर मिनिटभर ठेवून चमचाभर द्रावण घालावं.

पाच मिनिटं झाकून ठेवून मग मलमलच्या फडक्यात गाळावं आणि थंड पाण्याचा एक हात द्यावा, म्हणजे आंबटपणा निघून जातो. कापड पिळू नये, पिळलं की स्निग्धांशही पाण्याबरोबर जातो. पुरचुंडी सपाट करून वर 2 ते 3 किलो वजन 25 मिनिटं ठेवावं. वजन काढल्यावर वडी फ्रिजमधल्या थंड पाण्यात दोन तास बुडवून ठेवावी. हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग भाजीत तुकडे फुटतात. इतक्या दुधाचं 300 ते 350 ग्रॅम पनीर पडतं. म्हशीच्या दुधाची सवय असणाऱ्याला हे कमी वाटेल, पण तिथलं दूध गाईचं आणि होमोजिनाइज्ड असतं, म्हणजे त्यातले स्निग्धकण यंत्राने बारीक फोडलेले असतात. वडी आपल्यापेक्षा मऊच राहणार.

ब्रिटनमध्ये मोठ्या दुकानांत तयार पनीर सहज मिळतं. लिस्बनमध्ये मार्तिम मोनिझ भागातल्या दक्षिण आशियाई दुकानांत चौकशी करावी. ते गोठवलेलं असेल तर तुकडे करून मिठाच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवावेत, नाहीतर कोरडे लागतात.

नावांचा गोंधळ फार होतो. आपल्याकडे हॉटेलच्या मेनूवर पनीरला ‘कॉटेज चीज’ लिहितात. तिकडे त्याच नावाने डब्यात मलईत भिजलेले खारट, सुटे दाणे मिळतात, त्याची भाजी होत नाही. पोर्तुगीज ‘केजु फ्रेश्कु’ दिसायला पनीरसारखं, पण ते आंबट घालून नव्हे तर रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या विकराने) विरजलेलं आणि पाणीदार असतं. रश्श्यात ते टिकत नाही, मिरपूड घालून पावाबरोबर खावं. सायप्रसचं हलुमी चीज वितळत नाही, त्यामुळे टिक्क्याला चांगलं. ते खारट असतं, काप करून अर्धा तास कोमट पाण्यात ठेवावेत आणि मसाल्यात मीठ अजिबात घालू नये. पालकात मात्र ते दाताखाली चरचरतं.

श्रीखंडाचा चक्का जर्मनीत तर आयताच मिळतो, त्याला तिथे क्वार्क म्हणतात. बिनस्निग्ध क्वार्क घेऊ नये, त्याचं श्रीखंड रवाळ होतं. 40 टक्क्यांचा घ्यावा (हा आकडा सुक्या भागातल्या स्निग्धांशाचा असतो, घाबरण्याचं कारण नाही). अर्धा किलो क्वार्क फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये टांगावा. साखर घरी दळावी, कारण काही ठिकाणी तयार पिठीसाखरेत स्टार्च असतो आणि श्रीखंडाला खळीसारखी चव येते. जिथे क्वार्क नाही तिथे ग्रीक दही, पण घटकांत दूध आणि विरजण याशिवाय काही नसलेलं. आखातात राहणाऱ्यांनी लबने (तिथलं पाणी काढलेलं घट्ट दही) घेताना मीठ नाही ना, हे वाचून बघावं.

खव्याच्या जागी रिकोटा हे मऊ इटालियन चीज चालतं. पोर्तुगालात त्याच्या जवळचं ‘रेकैजांव’ मिळतं. ब्राझीलचा याच नावाचा पदार्थ वेगळा, तो पावाला फासायचा. अर्धा किलो बिनमिठाचं रिकोटा चमचाभर लोण्यात, पसरट कढईत, मंद आचेवर अर्धा-पाऊण तास परतावं. कडा सोडू लागलं की 100 ग्रॅम सायीच्या दुधाची पावडर मिसळावी. बिनसायीची पावडर घातली तर गोळा चिवट होतो. बर्फी, नेवऱ्यांचं सारण, मोदक यांना हे छान होतं. गुलाबजाम मात्र याचे करू नयेत, तळताना फुटतात. ते दुधाच्या पावडरीचे करावेत.

मुलांना आठवतं ते अमूलच्या डब्यातलं चीज, आणि तिथल्या चेडरचं टोस्टवर तेल सुटतं म्हणून ती खट्टू होतात. प्रोसेस्ड चीजमध्ये स्निग्धांश धरून ठेवणारे क्षार असतात, फरक एवढाच आहे. 100 ग्रॅम कोवळं चेडर किसून, 40 मिली दुधात 2 ग्रॅम सोडियम सायट्रेट (असाच एक क्षार) विरघळवून, मंद आचेवर एकजीव करावं आणि डबीत ओतून थंड करावं. जुनं, मुरलेलं चेडर घेतलं तर कणी पडते.

शाकाहारी मंडळींनी रेनेटकडे लक्ष द्यावं. ‘कुआल्यु आनिमाल’ म्हणजे प्राण्याच्या, बहुधा वासराच्या, पोटातलं. इटलीचं पार्मिजानो रेज्जानो नेहमी त्यानेच करतात. पोर्तुगालचं सेर्रा दा इश्त्रेला, अझैतांव आणि सेर्पा ही मेंढीच्या दुधाची चीजं मात्र ‘कार्दु’ नावाच्या काटेरी झाडाच्या फुलांनी विरजली जातात. वेष्टनावर तो शब्द दिसला की खुशाल घ्यावं. गरोदर बायकांनी मात्र ही तिन्ही टाळावीत, ती कच्च्या दुधाची असतात.

आपले नम्र,
दुधाचे पदार्थ व मिठाई करणारे काही जण,
फोंडा-गोवा