गांधीनगर रातोरात उगवले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरवरचा लेख वाचला. कागद गुळगुळीत, छायाचित्रे रंगीत. मजकुराचे तेवढे राहून गेले.

'राजाराम महाराजांनी पोलिश निर्वासितांसाठी छावणी उभारली' असे आपण छापलेत. कोल्हापूरचे हे महाराज नोव्हेंबर १९४० मध्ये निवर्तले आणि आजच्या गांधीनगरच्या जागची ही वळिवड्याची छावणी आहे १९४३ ची. पुढे नवानगरचे (जामनगरचे) राजे जामसाहेबही वळिवड्यात आणून बसवलेत! जामसाहेब दिग्विजयसिंहजींची छावणी जामनगरजवळ बालाचडीला होती, तीही मुलांची. वळिवड्यात सुमारे पाच हजार माणसे होती, बहुतेक बायका-मुले. रशियात हद्दपार झालेली, इराण-कराचीमार्गे इथवर आलेली. बालाचडी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तिथली उरलेली मुले इकडे आली, एवढाच काय तो संबंध. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे. लेखक तिथे फिरायला म्हणून गेले असते तरी चालले असते.

फाळणीनंतर सिंधी कुटुंबांना छावणीच्या याच बराकी मिळाल्या. पण लेख तिथून थेट 'कापड बाजाराच्या झेपे'वर उडी मारतो. झेप कसली? बैठ्या बराकीच्या पुढच्या खोलीत गल्ला आला, व्हरांडा बंद झाला, मागे गोदाम, वर मजला, शेवटी खाली तळघर. गल्ल्या मात्र पायी चालणाऱ्यांसाठी आखलेल्या, त्यांत आता कापडाच्या गाठी उतरवणारे ट्रक उभे असतात.

'पावसाळ्यात बाजारात पाणी शिरते' असे एका ओळीत उरकलेत. ते का शिरते? डांबरीकरणाआधी जुना थर खरवडत नाहीत, थरावर थर चढवतात. रस्ता वर आला की दुकानाचे जोते खाली जाते. मग दुकानदार उंबरा वाढवतो, पायरी गटारीवर येते, तिच्यावर सिमेंटची फरशी पक्की बसते. आत गाठींची प्लॅस्टिकची वेष्टने आणि गाळ साचतो. सफाईवाल्याने फरशी उचलायची कशाने? पहिल्याच वळवाला पाणी तळघरातल्या मालावर. आधी थर खरवडावा, मगच डांबर ओतावे आणि गटारीवर दर दहा फुटांवर उचलता येईल अशी लोखंडी जाळी ठेवावी. यात नवे काही नाही, ठेकेदारालाही ते ठाऊक असते.

बाजार पसरलाय गांधीनगर, वळिवडे, उचगाव आणि गडमुडशिंगी अशा चार ग्रामपंचायतींत. एकीने गटार उपसली की गाळ दुसरीच्या तोंडाशी. त्यात २०१७ पासून शहराभोवतालच्या ४२ गावांचे विकास प्राधिकरण आहे. बांधकामाचा परवाना तिथे, झाडू ग्रामपंचायतीकडे. 'हद्दवाढ झाली की सारे सुटेल' हा आपल्या लेखकाचा तोडगा. १९७२ मध्ये कोल्हापूरची महापालिका झाली, तेव्हापासून तिची हद्द इंचभर सरकलेली नाही. आणि सरकलीच, तर शहरातल्या गटारी जशा तुंबतात तशा याही तुंबतील; फक्त घरफाळ्याची पावती बदलेल.

जाता जाता: एकाच पानावर 'वलीवडे', 'वळवडे' आणि 'वाळीवडे'. गाव एकच आहे हो, वळिवडे. रेल्वे स्थानकाच्या पाटीवरही आहे. दुरुस्ती छापणार असाल, तर ती निविदांच्या पानावर कोपऱ्यात नको.

आपला,
एक वाचक, ता. करवीर