स्टेशनजवळच्या त्या हॉटेलातल्या सगळ्यांना, मनापासून

रिसेप्शनवरचे दादा, भटारखान्यातले मामा, खोली आवरणाऱ्या ताई आणि गेटवरचे काका, सप्रेम नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरहून घरी आले, कामाला लागले, पण तुम्हाला लिहिल्याशिवाय चैन पडेना.

मुंबईहून सुटणारी देवगिरी एक्सप्रेस तुमच्या गावी भल्या पहाटे पोचते. साठी उलटलेल्या बाईला त्या वेळी आधी धास्ती असते रिक्षाची, आणि मग हॉटेलच्या काउंटरवरच्या "एकट्याच आलात?" या प्रश्नाची. तुम्ही आदल्या संध्याकाळीच फोन करून ओळखीच्या रिक्षाचा नंबर कळवलात. काका दारात उभे होते. चेक-इन दुपारी बाराचं असूनही खोली तयार होती, लिफ्टजवळची, पॅसेजच्या टोकाची नव्हे. दादा, तुम्ही खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारला नाहीत, चिठ्ठीवर लिहून किल्लीबरोबर पुढे सरकवलात. लॉबीत तेव्हा इतर माणसं बसलेली होती. एकटीने हिंडणाऱ्या बायकांनाच याचं मोल कळेल. आणि एकटी का, हे तुमच्यापैकी कुणीही शेवटपर्यंत विचारलं नाही.

अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळची लेणी मंगळवारी, हे सांगून तुम्हीच माझे दिवस लावून दिलेत. सोमवार श्रावणातला, म्हणजे घृष्णेश्वराला रीघ लागणार. "पहाटेच निघा, दर्शन उरकून मग कैलास लेण्याकडे वळा," म्हणालात. तसंच केलं. निघताना काकांनी गाडीचा नंबर वहीत टिपून घेतला आणि ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा आवाजात मला परत यायची वेळ विचारली. काका, त्या एका वाक्याने मी दिवसभर निर्धास्त होते.

मामा, माझा उपास आहे हे मी सांगितलंही नव्हतं. सकाळी फक्त चहा घेतला, तेवढ्यावरून तुम्ही ओळखलंत. रात्री भगर आणि दाण्याची आमटी समोर आली, तीही खिडकीजवळच्या टेबलावर. एकट्या माणसाला बेसिनजवळचं कोपऱ्यातलं टेबल द्यायची रीत मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. तुमच्याकडे सावकाश जेवले, कुणी बिल आणून ठेवलं नाही.

अजिंठ्याला जाताना दशम्या आणि चटणी बांधून दिलीत. जवळपास शंभर किलोमीटरचा रस्ता, पुढे फर्दापूर फाट्यावर गाडी सोडून बस, मग पायऱ्या. माझा गुडघा दुखतो हे ताईंनी मला जिना उतरताना पाहून हेरलं होतं. "तिथे डोली मिळते, लाजू नका," असं त्यांनी हळूच सांगितलं. डोली केली, म्हणून सव्विसाव्या लेण्यापर्यंत पोचले आणि महापरिनिर्वाणाच्या त्या विशाल मूर्तीसमोर हवा तेवढा वेळ बसता आलं. पहिल्या लेण्यातला पद्मपाणीही डोळे भरून पाहिला. ताई, हे तुमच्यामुळे.

मॅनेजरसाहेब, एक विनंती. ही सगळी माणसं पाळीपाळीने जागतात, पाहुण्यांना त्यांची नावंही ठाऊक नसतात. त्यांच्या पगारवाढीचा विषय निघेल तेव्हा हे पत्र समोर ठेवा. माझी धाकटी बहीण दिवाळीनंतर अजिंठा पाहायला निघणार आहे, तीही एकटीच. तिला तुमचाच पत्ता दिला आहे.

आपली,
लिफ्टजवळच्या खोलीतली पाहुणी