पेपर झाला, सूत्र गेलं

महोदय,

मुलगी यंदा चांगल्या गुणांनी दहावी पास झाली. पेरणीआधी धुऱ्याकडचा तुकडा मोजायला तिला सोबत नेलं. एक बाजू रुंद, समोरची निमुळती. समलंब चौकोन तिनं लगेच ओळखला, सूत्र मात्र आठवेना. आठवीत शिकलेलं! बांधावरच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी समांतर बाजूंची बेरीज निम्मी करून मधल्या अंतरानं गुणली, साडेअकरा गुंठे भरले. आता ती हे विसरेल असं वाटत नाही.

दोष तिचा नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांतच झपाट्यानं निसटतं. अंतरा-अंतरानं उजळणी केली तर टिकतं. आमच्याकडे सराव परीक्षांचा मारा पेपरापर्यंतच, नंतर वह्या रद्दीत.

शाळांनी आठवड्यातली एक तासिका मागच्या इयत्तांच्या उजळणीला द्यावी, तीही बिनगुणांची. १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला, १९४८ मध्ये मराठवाड्यात काय घडलं ते मोठ्या मुलांनी धाकट्यांना स्वतःच्या शब्दांत सांगावं. याला वेगळा पैसा लागत नाही.

– एक शेतकरी पालक, औसा (जि. लातूर)