म्हापशाच्या गाठवणाऱ्या मावशींना

मावशी,

हे पत्र तुमच्या हातात न देता असं चारचौघांत लिहिते आहे, त्याला कारण आहे. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘कित्याक?’ (कशाला?) एवढंच विचारता आणि मान पुन्हा माळेत घालता. शिवाय तुमच्याकडून मला जे मिळालं ते मणीकामाचा छंद असलेल्या आणखी कितीतरी जणींना उपयोगी पडेल, असं मला मनापासून वाटतं. नाव कुठे लिहायचं नाही, हे तुम्ही बजावलं आहे, ते पाळते. म्हापशाच्या बाजारात सराफी दुकानाच्या पायरीवर बसून दागिने गाठवून देणाऱ्या मावशी, एवढी ओळख पुरे. पेपर तुम्ही शेवटच्या पानापर्यंत वाचता, तेव्हा हेही वाचाल.

तुमच्याकडे मी प्रथम आले ती सासूबाईंची पोवळ्यांची माळ घेऊन. सूत जीर्ण झालं होतं आणि सराफानं तुमच्याकडे बोट दाखवलं होतं. तुम्ही माळ उसवलीत, पण एकही पोवळं जागचं हलू दिलं नाहीत. पांढऱ्या कापडाला घडी घालून तिच्या पन्हळीत मणी होते त्याच क्रमाने उतरवलेत, मोठे मध्ये आणि लहान होत होत दोन्ही टोकांना. मग नवं रेशीम पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणलंत, त्यावरून मेणाचा खडा फिरवलात. मी बघत होते आणि तुमचं लक्ष माझ्या कानांकडे गेलं. ‘हें कोणें केलां?’ मी म्हटलं, मीच. तुम्ही एक कानातलं काढून मागितलंत. सगळे लोक त्याचा रंग बघतात, नक्षी बघतात. तुम्ही ते उलटं केलंत आणि मागची बाजू बघितलीत. दोरा कुठून आला, कुठे गेला, कुठे संपला. ‘पाठ बरी आहे,’ म्हणालात. आणि मग, शुक्रवारी येऊ नको, शुक्रवार आठवडी बाजाराचा, पोटाचा. मधल्या वारी दुपारी ये, तेव्हा बाजार ओस असतो.

मी थिवीच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. मणीकाम हा माझा संध्याकाळचा छंद. आमच्या घरात संक्रांतीला हलव्याचे दागिने घरीच होत, रुखवतात मण्यांची तोरणं असत, तेव्हा ओवण्याची सवय लहानपणापासूनची. पुढचं मी मोबाईलवर बघून शिकले. त्या शिक्षणात एक गोष्ट सारखी येते: गाठ मारा आणि वर गोंदाचा थेंब सोडा. पटकन होतं, पक्कं होतं. तुमच्या पेटीत मात्र गोंद नाहीच. मी विचारलं तेव्हा तुम्ही दिलेलं उत्तर मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं: दागिना पुन्हा उसवता आला पाहिजे. सोनं राहतं, मोती राहतो, पोवळं राहतं. दोरा राहत नाही. जो आज गाठवतो त्यानं पुढच्या गाठवणाऱ्याची वाट बंद करायची नाही.

मावशी, या एका वाक्यानं माझं सगळं काम बदललं. म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आपल्या हवेत हे किती खरं आहे! गोव्यात वर्षभर घाम, वर चार महिने पाऊस. रेशीम ओल पितं, मळतं, सैल पडतं. मोत्याच्या सरात दोन मोत्यांमध्ये दोऱ्याची रेघ दिसू लागली की वेळ झाली, हे तुम्ही नुसतं बोटानं चाचपून सांगता. मोत्याला घाम आणि अत्तर का सोसत नाही, हे मला प्रयोगशाळेमुळे ठाऊक होतं: मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्लाशी त्याचं जमत नाही. पण ते ज्ञान आणि मोत्याचा सर यांची गाठ माझ्या डोक्यात पडलीच नव्हती. ‘मोती शेवटी घालायचे, पहिल्यांदा काढायचे, काढले की सुती कापडानं पुसायचे,’ हे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगता, ऐकणाऱ्यांना आणि न ऐकणाऱ्यांनाही.

मोत्यांमधली गाठ तुम्ही मला ज्या धीरानं शिकवलीत, तसं मला अजून कुणी काही शिकवलेलं नाही. रेशीम दुपदरी घ्यायचं. मोती ओवला की सैल फास करायचा, फासात सुईचं टोक ठेवायचं, त्या टोकानं फास सरकवत मोत्याच्या तोंडाशी न्यायचा आणि नखानं दाबून धरत सुई काढून घ्यायची. मग दोन्ही पदर वेगळे धरून विरुद्ध दिशांना ओढायचे. गाठ मोत्याला घट्ट चिकटून बसते. गाठ भोकापेक्षा किंचित मोठी हवी, नाहीतर ती आत शिरते. म्हणून आधी भोक बघायचं आणि त्याप्रमाणे रेशमाची जाडी निवडायची. एवढ्या खटाटोपाची कारणं दोन. सर तुटला तर एखादाच मोती पडतो, बाकीचे जागेवर राहतात; आणि मोत्यावर मोती घासत नाही. फासा, म्हणजे सर बंद करायची कडी, जोडायच्या ठिकाणी दोरा धातूवर घासून झिजतो, तिथे बारीक तारेची स्प्रिंगसारखी नळी दोऱ्यावर चढवायची. शेवटी दोरा मागे फिरवून दोन-तीन मोत्यांतून न्यायचा, प्रत्येक मोत्यानंतर गाठ घ्यायची आणि कापायचं. माझी गाठ मोत्यापासून दूर पडली की तुम्ही रागवत नव्हता. ‘सवकास गो बाय, सवकास,’ म्हणत सुईनं ती सोडवून द्यायचात.

मग मी हेच तत्त्व माझ्या विणकामाला लावलं. बारीक काचमण्यांच्या विणीत गाठ जवळजवळ नकोच असते. दोरा संपत आला की त्याचं टोक विणीच्याच वाटेनं, दिशा बदलत, मागच्या ओळींतून फिरवायचं. नवा दोराही तसाच आत आणायचा. पकड त्या वळणांनी येते. एखादा मणी फुटला तर तेवढा भाग उसवून पुन्हा विणता येतो. काचेच्या लांबट नळ्यांची कड धारदार असते, ती दोरा कापते. म्हणून नळीच्या दोन्ही टोकांना एकेक गोल मणी द्यायचा. हे तुम्ही नळ्या हातात घेतल्या घेतल्या बोटाच्या पेरावर फिरवून सांगितलंत. तुम्ही ती वीण तोपर्यंत केलेली नव्हती, तरीही.

मला सगळ्यात आनंद कशाचा झाला सांगू? मी जपानी मण्यांची पुडी तुम्हाला दाखवायला आणली त्या दुपारचा. हिरोशिमाच्या मियुकी कंपनीचे डेलिका मणी, नळीच्या बारीक तुकड्यासारखे, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. तुम्ही चिमूटभर तळहातावर घेऊन उन्हात धरलेत आणि म्हणालात, भोक बघ कसं मोठं, भिंत बघ कशी पातळ. दोरा चार वेळा जाईल. अगदी हेच त्या मण्यांचं वैशिष्ट्य. मग मण्यांचे नंबर मी तुम्हाला सांगितले: आकडा जितका मोठा तितका मणी लहान; ८ नंबरचा साधारण ३ मिलिमीटर, ११ चा २, १५ चा दीडच्या आसपास. तुम्ही ते लगेच तुमच्या काळ्या पोतीशी ताडून बघितलंत. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मलाही तुम्हाला काही देता येतं.

आणि तरी साध्या काचमण्यांना तुम्ही कमी लेखू दिलं नाहीत. उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचे मणी स्वस्त मिळतात, पण एका पुडीत जाड, बारीक, वाकडे सगळेच. मी निवडून बाजूला काढलेले मणी तुम्ही डबीत भरून परत दिलेत. ओळ आत घ्यायची असेल तिथे चपटा मणी लागतो, वळण फुगवायचं असेल तिथे जाड. तेव्हापासून माझ्याकडे दोन डब्या आहेत, एक चपट्यांची, एक जाड्यांची. गोल पदकाची कड बसवताना त्यांच्यावाचून चालत नाही. आणि रंगाचा मणी विणण्याआधी ओल्या पांढऱ्या कापडावर चोळून, रात्रभर त्याच कापडात बांधून ठेवायचा. रंग सुटणारा असेल तर सकाळी कळतं. गोव्याच्या घामात असा मणी गळ्यात घालणं म्हणजे पोलका खराब करून घेणं.

गुंजांचाही प्रसंग लिहायलाच हवा, कारण तो पुष्कळांना ठाऊक असायला हवा. वाटेवरच्या कुंपणातून मी लाल-काळ्या गुंजा गोळा करून आणल्या होत्या, त्यांना भोक पाडून माळ करायच्या विचारात. तुम्ही डबी झाकलीत आणि माझ्याकडे दिलीत. सोनारांनी पिढ्यान्‌पिढ्या या गुंजांनी सोनं तोललं, ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. पण तोलायच्या, टोचायच्या नाहीत. गुंजेच्या आत अब्रिन नावाचं भयंकर विष असतं. अखंड बी सहसा तसंच राहतं, पण भोक पाडलं, ठेचलं, चावलं की ते मोकळं होतं. घरात लहान मूल असेल तर विचारूच नका. त्या जागी तुम्ही रतनगुंज सुचवलीत, झाडाची मोठी लाल बी. तिची माळ मी केली आणि ती फार देखणी झाली.

तुमच्या पायरीवर बसून मला माझा गोवाही नव्यानं दिसला. तुमच्या एका हाताशी कुणाचं मुहूर्तमण्याचं मंगळसूत्र, दुसऱ्या हाताशी कुणाची रोझरीची माळ. ५९ मणी, त्यांत दहा-दहा मण्यांची पाच दशकं, आणि दर दशकाच्या आधी वेगळा मणी. तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, म्हणताना अंधारातही बोटाला कळावा म्हणून तिथे अंतर ठेवायचं. १०८ मण्यांच्या जपमाळेत मेरुमणी जसा हाताला लागतो तसंच. मंगळसूत्राचा दोरा आणि रोझरीचा दोरा तुम्ही सारख्याच काळजीनं मेणावरून ओढता. त्या पोवळ्यांच्या माळेबद्दल तर मी नंतर पुष्कळ वाचलं. अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नोचे ज्यू व्यापारी भूमध्य समुद्रातलं पोवळं लिस्बनमार्गे गोव्याला पाठवत आणि इथले सारस्वत व्यापारी त्याच्या बदल्यात हिरे धाडत. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं, निव्वळ पत्रांच्या भरवशावर. सासूबाईंची पोवळी तितकी जुनी आहेत असं मी म्हणत नाही, पण आपल्याकडच्या पेट्यांत पोवळं इतकं का आढळतं, याचा एक धागा तिथे पोचतो. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही ती माळ पुन्हा बघायला मागितली होतीत.

आता पैशाचं. तुम्ही माझ्याकडून शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत. चहासुद्धा बहुतेक वेळा तुम्हीच मागवलात. माझ्यासाठी जो छंद आहे त्यावर तुमचं घर चाललं, मुलं शिकली. हातातली विद्या अशी उघडी करून दाखवायला मोठं मन लागतं. उद्या हीच बाई माझं गिऱ्हाईक नेईल, असा विचार तुमच्या जागी कुणाच्याही मनात आला असता आणि त्यात गैर काही नव्हतं. म्हणून मी माझ्यापुरतं एक ठरवलं आहे आणि ते इथे लिहूनच ठेवते. मैत्रिणी मंगळसूत्र किंवा मोत्याचा सर गाठवायला माझ्याकडे आणतात, तेव्हा मी त्यांना तुमच्याकडे पाठवते. आमच्यासारख्या हौशी बायकांनी फुकटात किंवा नुसत्या मण्यांच्या किमतीत कामं करून दिली तर बाजारात बसणाऱ्या माणसाच्या मजुरीला काय किंमत उरणार? छंदाच्या वस्तू मी विकते त्यातही मणी, दोरा, फासा आणि माझे तास असा हिशेब धरते. तासांची किंमत धरायला लाज वाटते, हे कितीजणींकडून ऐकलं आहे. मला ती वाटेनाशी झाली, कारण तुम्ही तुमची मजुरी मान वर करून सांगताना मी बघितलं आहे.

मावशी, गेल्या दिवाळीत सासूबाईंच्या माळेचं रेशीम पुन्हा सैल झालं, तेव्हा तुम्ही ती हातात न घेता माझ्यापुढे ठेवलीत, कापडाची घडी घालून दिलीत आणि तुमच्या कामाला लागलात. उसवताना तुमची गाठ सुईच्या एका टोकानं सुटली. नवी गाठ मी तशीच घातली आहे; पुढे जो कुणी ती माळ उघडेल त्याला त्रास होणार नाही.

तुमचे फार फार उपकार आहेत. पावसाआधी एकदा येते. तन्मण्याला मागे बांधायचा रेशमी गोंडा अजून शिकायचा राहिला आहे. लाल रेशमाची लड आणून ठेवली आहे, पुरेल का तेवढं बघून सांगा.

तुमची,
डिचोलीची बाय