पावसाळ्यात स्पाइक गार्डवर भिस्त नको

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळ्यात घरातले फोन, कॉम्प्युटर, टीव्ही कसे सांभाळावेत यावर आपल्या पुरवणीत मजकूर आला, हे चांगले झाले. मात्र त्यातल्या दोन सल्ल्यांबद्दल लिहायला हवे, कारण ते व्हॉट्सॲपवर दरवर्षी फिरतात आणि लोक ते खरे मानून चालतात. 'भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात ठेवा' हा पहिला आणि 'टीव्हीला स्पाइक गार्ड लावला की चिंता मिटली' हा दुसरा. पहिला सरळच चुकीचा आहे. दुसरा निम्मा बरोबर आहे, आणि उरलेला निम्मा महागात पडतो, म्हणून आधी त्याविषयी.

बाजारात 'स्पाइक गार्ड' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच वस्तू म्हणजे लाल दिव्याचे बटण असलेले साधे एक्स्टेन्शन बोर्ड असतात. आत पितळी पट्ट्या, तारा आणि फार तर एक फ्यूज. दिवा लागतो म्हणजे वीज येते आहे, एवढेच. खऱ्या स्पाइक गार्डमध्ये निळ्या किंवा पिवळ्या रंगाची, रुपयाच्या नाण्याहून लहान अशी चकती असते. तिला एमओव्ही म्हणतात. चकतीवर '१४डी४३१' असे छापलेले असेल तर १४ हा तिचा मिलिमीटरमधला व्यास, आणि साधारण २७५ व्होल्टपर्यंत ती मध्ये पडत नाही. त्यावर क्षणभराचा उसळता दाब (व्होल्टेज) आला की ती तो स्वतःतून वळवते. खोक्यावर 'ज्यूल' (चकती किती ऊर्जा झेलते) आणि 'क्लॅम्पिंग व्होल्टेज' (ती दाब किती व्होल्टवर रोखते) हे आकडे नसतील तर आत चकती असल्याची खात्री धरू नये.

चकतीला दोन मर्यादा आहेत. प्रत्येक धक्क्याने ती थोडी झिजते, आणि संपली तरी बोर्ड चालूच राहतो. म्हणून 'प्रोटेक्टेड' असा वेगळा दिवा असलेला गार्ड घ्यावा आणि तो दिवा विझला की गार्ड बदलावा. दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची. ही चकती सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाच्या धक्क्यांसाठी बनवलेली असते. दाब ३५० व्होल्टवर जाऊन मिनिटभर तिथेच राहिला तर ती तापते, काळी पडते, फुटते. आतला फ्यूज वेळेवर उडाला तर ठीक, नाहीतर पुढचा सगळा दाब टीव्हीच्या वाट्याला येतो.

मिनिटभर ३५० व्होल्ट कुठून येतात? न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटल्यामुळे. 'वीज पडून टीव्ही गेला' असे आपण म्हणतो तेव्हा अनेकदा आकाशातल्या विजेचा काहीच संबंध नसतो. इमारतीला तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारा, येतात आणि घरे त्या तिघांवर वाटलेली असतात. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट. वादळात फांदी पडून खांबावरची न्यूट्रलची तार तुटली किंवा मीटर रूममधला तिचा जोड सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरे त्या ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. मग ज्या घरात गिझर आणि इस्त्री चालू आहे तिथे दाब कोसळतो आणि जिथे फक्त टीव्ही आणि दोन दिवे चालू आहेत तिथे तो चढतो. वीज वाचवणाऱ्याचाच टीव्ही जातो, हा त्यातला अन्याय.

टीव्हीच्या आत काय होते तेही पाहण्यासारखे आहे. आतल्या पॉवर सप्लायमध्ये उभ्या डबीसारखा, वीज साठवणारा एक मोठा कपॅसिटर असतो, बहुधा ४५० व्होल्टचा. भिंतीतून २३० व्होल्ट येतात तेव्हा त्याच्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात. भिंतीतले ३४० झाले की त्याच्यावर ४८० होतात. मग त्याचे टोपण फुगते, कधी फाटते, आणि जाताना शेजारचे सुटे भागही घेऊन जातो. दुरुस्तीला नेलेल्या टीव्हीत फुगलेला कपॅसिटर आणि जळलेली चकती एकत्र दिसली तर दाब बराच वेळ चढलेला होता असे समजायला हरकत नाही.

ही स्थिती ओळखणे सोपे आहे. पंखा एकाएकी जोरात फिरू लागतो, बल्ब नेहमीपेक्षा पांढरा आणि झगझगीत होतो, आणि त्याच वेळी शेजारच्या घरातले दिवे मिणमिणतात. असे दिसले की एकेका उपकरणाचे बटण शोधत बसू नये. थेट मेन स्विच बंद करावा, शेजाऱ्यांना हाक मारावी आणि १९१२ वर तक्रार नोंदवावी.

कायमचा उपाय म्हणजे मेन स्विचशेजारच्या बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. सर्किट ब्रेकरएवढेच हे यंत्र आहे, घराच्या लोडप्रमाणे ४० किंवा ६३ अँपिअरचे घ्यावे. वरची मर्यादा २६५ ते २७० व्होल्ट आणि खालची १७० ते १८० वर इलेक्ट्रिशियनकडून लावून घ्यावी. दाब मर्यादेबाहेर गेला की ते घराची वीज तोडते आणि तो ठिकाणावर आल्यावर काही वेळ थांबून परत जोडते. थांबण्याची ही वेळ तीन मिनिटांची ठेवली तर फ्रिजच्या कॉम्प्रेसरलाही ती मानवते. टीव्हीसाठी निराळा स्टॅबिलायझर घेण्यापूर्वी मागचे लेबल वाचावे. त्यावर '१००–२४०' असे लिहिले असेल तर कमी दाबाचा त्या टीव्हीला त्रास नाही. अशा ठिकाणी स्टॅबिलायझरचा उपयोग त्यात हाय-कट, म्हणजे दाब चढला की वीज तोडण्याची सोय, असेल तरच.

आता खऱ्या विजेविषयी. महाराष्ट्रात कडकडाट जास्त असतो तो वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात, म्हणजे एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध आणि पुढे सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टची संततधार त्या मानाने निमूट. त्यामुळे गणपतीनंतर 'पावसाळा संपला' म्हणून प्लग लावून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागावेत, तेवढे किलोमीटर अंतर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. प्लग त्याच्या आधीच काढलेले असावेत, डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर तारांना आणि प्लगना हात लावू नये. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचे 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांची सूचना देते, ते फोनमध्ये असू द्यावे.

प्लग काढा म्हणतो तेव्हा भिंतीवरचे बटण बंद करणे पुरत नाही. ते बटण एकच तार तोडते, आणि ती फेजची असेल तर न्यूट्रल जोडलेलीच राहते. आकाशातल्या विजेचा धक्का दोन्ही तारांवरून येतो. जुन्या घरांत बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेले असते, तिथे तर बटण बंद असूनही फेज उपकरणापर्यंत पोचलेली असते.

सर्वांच्या नजरेतून सुटतात त्या मागच्या तारा. टीव्हीचा प्लग काढला, पण गच्चीवरच्या डिशची केबल सेट-टॉप बॉक्सला आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीला जोडलेली राहिली तर काम अर्धेच झाले. डिशची केबल काढताना आधी बॉक्सची वीज बंद करावी, कारण तीच केबल डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) १३ किंवा १८ व्होल्ट पुरवते आणि काढताना मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर बॉक्सचा सप्लाय जाऊ शकतो. ब्रॉडबँडची तांब्याची लॅन केबल शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून ओढलेली असेल तर तीही राउटरमधून काढावी. फायबरची काच वीज वाहत नाही, पण बाहेरून येणाऱ्या फायबर केबलमध्ये अनेकदा आधारासाठी पोलादी तार असते. ती घरातल्या धातूच्या भागांना टेकलेली नाही ना, हे केबल टाकणाऱ्याला विचारून घ्यावे.

डिशची केबल भिंतीतून आत येण्याआधी खाली झोका घेऊन वर वळलेली असावी. पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकते, घरात येत नाही. आणि मुसळधार पावसात चित्र गेले तर बॉक्सवर पुन्हा चॅनेल शोधू नयेत, डिश तर मुळीच हलवू नये. डीटीएचच्या के-यू बँडच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. सर ओसरली की चित्र आपोआप येते. चुकीच्या वेळी शोध घेतला तर असलेली चॅनेलेही यादीतून जातात.

अर्थिंगविषयी. डेस्कटॉपच्या पत्र्याच्या डब्याला हात लावल्यावर मुंग्या येतात, याला लोक सवयीने 'थोडा करंट येतो' म्हणून सोडून देतात. अर्थिंग नसेल तर डब्यावर सुमारे ११५ व्होल्ट तरंगतात, कारण पॉवर सप्लायमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोघांनाही डब्याशी जोडतात. प्रवाह अगदी कमी असतो, पण असा कॉम्प्युटर चालू असताना टीव्हीला एचडीएमआय लावली की तो दाब पोर्टमधून वाट काढतो आणि पोर्ट जातो. दोन्हींचे प्लग काढून मगच केबल लावावी. तपासणी इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने होते. फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या जवळपास आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा कमी यायला हवेत. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवणारे लोक अजून आहेत. अशांच्या स्पाइक गार्डचा जो भाग जमिनीकडे धक्का वळवणार, त्याला वाटच उरत नाही.

फोन मात्र वेगळ्या कारणाने जातो. वादळात मोबाइलवर बोलल्याने वीज ओढली जाते, ही अफवा आहे. धोका चार्जर भिंतीत लावून बोलण्याचा. आणि भिजलेला फोन जातो तो पाण्यापेक्षा पाण्यात वीज गेल्याने. ओल्या पोर्टमध्ये चार्जर लावला की सोनेरी पिनांवर विद्युत-रासायनिक झीज सुरू होते आणि पिना हिरव्या-काळ्या पडतात. त्या मग सुकल्या तरी बऱ्या होत नाहीत.

म्हणून फोन आधी बंद करावा, कव्हर आणि सिमचा ट्रे काढावा, पोर्ट खाली करून हातावर हलके आपटून पाणी निथळू द्यावे आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा. किमान अर्धा तास चार्जर लावू नये, 'पोर्टमध्ये ओल आहे' अशी सूचना येत राहिली तर पूर्ण सुकायला २४ तासही लागतात. हेअर ड्रायरने आतले गोंद सैल होते, कापसाचे बोळे पोर्टमध्ये तंतू सोडतात. तांदूळ फोनच्या आतली ओल फारशी ओढत नाही, उलट त्याची भुकटी पोर्टमध्ये अडकते. ॲपलने २०२४ मध्ये आपल्या मदत-पानावर तांदळाचा हा उपाय करू नका असे स्पष्टच लिहिले.

'माझा फोन आयपी६८ (पाण्यात बुडाला तरी टिकणारा) आहे' या भरवशावर पावसात व्हिडिओ काढणाऱ्यांसाठी एवढेच की ती चाचणी नव्या फोनवर, स्वच्छ पाण्यात होते. स्क्रीन एकदा बाहेर बदलून घेतली असेल तर पाणी अडवणारा गोंद पूर्वीसारखा राहिलेला नसतो. आयपी असलेला फोन कोकणातल्या किंवा गोव्यातल्या समुद्रात पडला तर तो बंद करून आधी गोड्या पाण्याने धुवावा, मग सुकवावा, कारण मिठाचे पाणी साध्या पाण्यापेक्षा धातू लवकर खाते. लॅपटॉपवर चहा सांडला तर चार्जर काढून पॉवरचे बटण दाबून धरावे, तो बंद होईपर्यंत, आणि उघडा करून तंबूसारखा उलटा ठेवावा. कीबोर्डवर कळा चालतात का हे पाहण्यासाठी तो लगेच चालू करण्याचा मोह आवरावा. साखर आणि दूध आत राहतात, तंत्रज्ञाकडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून घ्यावे लागते.

आपल्या पुरवणीने पुढच्या वर्षी मे महिन्यातच हा विषय घ्यावा, आणि गृहनिर्माण सोसायट्यांना उद्देशून. मीटर रूममधल्या न्यूट्रलच्या पट्टीवरचे नटबोल्ट परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, वीज बंद करून, पावसाआधी आवळून घ्यावेत. ॲल्युमिनियमची केबल असेल तर जोडावरचा थिंबल (केबलच्या टोकाला बसवलेला धातूचा भाग) काळवंडला आहे का, इन्सुलेशन तपकिरी पडले आहे का, हे दोन्ही बघायला सांगावे. तसे असेल तर नुसते आवळून भागत नाही, टोक कापून नवा थिंबल बसवावा लागतो.

आपला,
टीव्ही-कॉम्प्युटर दुरुस्तीच्या व्यवसायातला एक वाचक